कामावरचा वेळ: हजेरीपटावर एक, मनात दुसरा

एखाद्या शहरातल्या कार्यालयीन इमारतीत रात्रपाळीला दोन माणसे आहेत असे धरू. तळमजल्यावर सुरक्षारक्षक बसलेला आहे. दर तासाला आवाराला एक फेरी मारायची आणि रजिस्टरमध्ये वेळ टाकून सही करायची, एवढेच त्याचे काम. चौथ्या मजल्यावर कॉल सेंटरमध्ये एक मुलगी कानाला हेडफोन लावून बसलेली आहे. तिच्या पडद्याच्या कोपऱ्यात चालू कॉलचे सेकंद सरकत असतात आणि एक कॉल सरासरी किती वेळात संपवला हा आकडा महिनाअखेरीस तिच्या मूल्यमापनात धरला जातो. हजेरीपटावर दोघांच्या नावापुढे सारखेच तास लागतात. पण पहाटे घरी निघताना रात्र कशी गेली असे विचारले, तर एक म्हणेल की वेळ नुसता खायला उठला होता, आणि दुसरी म्हणेल की डोके वर काढायला फुरसत नव्हती. या दोन उत्तरांतला फरक नेमका कशाचा आहे आणि तो मोजता येतो का, हा प्रश्न मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि व्यवस्थापनशास्त्र या तिन्ही शाखांनी आपापल्या परीने हाताळलेला आहे.

त्यातून हाती आलेली सर्वांत उपयोगी गोष्ट अशी, की ‘वेळेचा अनुभव’ म्हणून आपण ज्याला एकच नाव देतो त्यात निदान चार वेगळे धागे असतात. वेळ जात असताना तो किती भरभर किंवा रेंगाळत गेला, मागे वळून पाहताना तो किती लांब वाटला, तो किती अपुरा पडला, आणि त्याची चाल ठरवण्याचा अधिकार कोणाच्या हातात होता. हे चार धागे एकमेकांना बांधलेले नसतात. एकात सुधारणा झाली म्हणून दुसऱ्यात होतेच असे नाही, कधी तर उलटेच होते. चौथा धागा, म्हणजे वेळेवरचा ताबा, माझ्या मते सर्वांत निर्णायक आहे आणि नेमका तोच सर्वांत कमी मोजला जातो.

पहिल्या दोन धाग्यांसाठी मनातल्या घड्याळाकडे पाहावे लागते. मानसशास्त्रात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एक कल्पना रूढ आहे, ती अशी की मेंदूत ठरावीक गतीने स्पंदने चालू असतात आणि त्यांची बेरीज करणारी एक यंत्रणा असते. आपण वेळेकडे लक्ष देतो तेव्हा स्पंदने बेरजेत धरली जातात, लक्ष कामात गुंतले की त्यातली बरीच निसटतात. नळ सारखा वाहत असतो, पण घागर जेवढा वेळ त्याच्याखाली असेल तेवढेच पाणी तिच्यात साठते, तसा हा प्रकार आहे. असे एकच केंद्र मेंदूत बोट ठेवून दाखवता आलेले नाही, ही केवळ समजुतीसाठी केलेली मांडणी आहे. तरीही रिकाम्या बसलेल्या माणसाला तास मोठा का वाटतो, हे ती नीट सांगते. त्याच्यापाशी घड्याळाकडे पाहण्यावाचून दुसरे काम नसते, म्हणून त्याची घागर काठोकाठ भरते.

मागे वळून पाहताना मात्र मन वेगळाच हिशेब करते. तेव्हा स्पंदने मोजलेली नसतात, म्हणून ते आठवणी मोजते. त्या काळात किती वेगवेगळ्या गोष्टी घडल्या, किती बदल झाले, यावरून लांबीचा अंदाज बांधते. विल्यम जेम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १८९० मध्येच हे नोंदवून ठेवले होते, की विविध अनुभवांनी भरलेला काळ जाताना आखूड वाटतो आणि आठवताना लांब, तर रिकामा काळ जाताना लांब वाटतो आणि आठवताना आखूड. प्रयोगशाळेत हे तपासण्याची रीत साधी आहे. एका गटाला आधीच सांगायचे, की हे काम किती वेळ चालले ते आम्ही शेवटी विचारणार आहोत. दुसऱ्या गटाला काहीच न सांगता शेवटी अचानक विचारायचे. रिचर्ड ब्लॉक, पीटर हॅनकॉक आणि डॅन झकाई यांनी २०१० मध्ये अशा अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले, तेव्हा असे दिसले की कामाचा बौद्धिक भार वाढला की आधी सांगितलेल्या गटाचा अंदाज घटतो, आणि अचानक विचारलेल्या गटाचा अंदाज वाढतो. भार तोच, घड्याळातली मिनिटे तीच, आणि उत्तरे विरुद्ध दिशांना जातात.

याचा कामाच्या जागेशी संबंध असा, की प्रश्न केव्हा विचारला यावर उत्तर अवलंबून राहते. सुरक्षारक्षकाला रात्री दोन वाजता विचारले तर तो सांगेल की रात्र संपता संपत नाही. त्यालाच महिनाअखेरीस विचारले तर महिना कसा गेला ते त्याला सांगता येणार नाही, कारण आठवणीत धरून ठेवण्यासारखे काही घडलेलेच नसते. कॉल सेंटरमधल्या मुलीची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. ती सतत गुंतलेली असते, म्हणून रात्र झपाट्याने सरते. पण शंभरावा कॉल पहिल्या कॉलसारखाच असतो, म्हणून आठवणीतही फारसे काही उरत नाही. रात्र जातानाही आखूड आणि आठवतानाही आखूड. जेम्सच्या मांडणीत व्यग्रता आणि विविधता हातात हात घालून येतात. आजच्या बऱ्याच कामांत व्यग्रता भरपूर असते आणि विविधता अजिबात नसते, हे त्या मांडणीत बसत नाही. ‘आमच्याकडे लोकांना वेळ कसा गेला ते कळतसुद्धा नाही’ असे एखादा व्यवस्थापक अभिमानाने सांगतो, तेव्हा हा दुसरा प्रकार मनात ठेवून ऐकावे.

एकसुरी कामात माणसे वेळेचे काय करतात, याचे सर्वांत जिवंत वर्णन डोनाल्ड रॉय या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने केलेले आहे. तो एका कारखान्यात स्वतः यंत्रावर कामाला राहिला. काम असे, की प्लास्टिकच्या पत्र्यावर साचा ठेवायचा, यंत्राचा दाब द्यायचा, कापलेला तुकडा बाजूला करायचा, साचा पुढे सरकवायचा, पुन्हा दाब. दिवसभर हेच. सुरुवातीच्या काळात त्याने स्वतःपुरता एक खेळ रचला: एका रंगाचे हजार तुकडे झाले की दुसरा रंग घ्यायचा, ते झाले की साचा बदलायचा किंवा खालचा ठोकळा घासून साफ करायचा. ठोकळा घासणे हे बक्षीस वाटावे, इतका तो दिवस सपाट होता.

नंतर त्याच्या लक्षात आले की खोलीतल्या इतर कामगारांनी दिवसाला आपले टप्पे पाडलेले आहेत. सकाळी एक जण आपल्या डब्यातली पीच फळे वाटायचा. त्यानंतर दुसरा त्याच डब्यातले केळे पळवायचा आणि केळ्याची वेळ झाली असे मोठ्याने ओरडून ते तिथेच खाऊन टाकायचा. केळेवाला रोज निषेध नोंदवायचा, बाकीचे रोज चोराला दटावायचे, आणि दुसऱ्या दिवशी केळेवाला पुन्हा केळे आणायचा. स्वतःचे केळे त्याला कधीच खायला मिळाले नाही. पुढे खिडकी उघडण्यावरून भांडणाची वेळ, मग जेवण, मग तयार माल न्यायला येणाऱ्या माणसाची वेळ, मग खारवलेल्या मासळीची, मग थंड पेयाची. साधारण तासातासाला एक टप्पा यायचा. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निबंधात रॉयने दाखवून दिले की बाहेरून पोरकट वाटणाऱ्या या प्रकारांनी सलग, आकारहीन दिवसाला कप्पे मिळत होते आणि पुढच्या कप्प्याची वाट पाहता येत होती. एकदा थट्टा मर्यादेबाहेर गेली, माणसे एकमेकांशी बोलेनाशी झाली, टप्पे बंद पडले; आणि काम तेच, तास तेवढेच असताना कंटाळा आणि थकवा दोन्ही परत आले.

यात वेळेवरचा ताबा स्पष्ट दिसतो. ते कप्पे कामगारांनी पाडलेले होते. मालकाने ठरवून दिलेली चहाची सुट्टी आणि ही केळ्याची वेळ यांत मिनिटांचा फरक फार नसेल, अनुभवाचा फरक मात्र आहे. शिवाय ताबा म्हणजे मोठा अधिकार असे समजण्याचे कारण नाही. पुढचा रंग कोणता घ्यायचा एवढा ताबाही दिवस पेलण्याजोगा करतो.

घड्याळ आणि ताबा यांचा झगडा मुंबईने फार जवळून पाहिलेला आहे. इंग्रज इतिहासकार ई. पी. थॉम्पसन यांनी १९६७ च्या आपल्या निबंधात इंग्लंडबद्दल म्हटले, की शेतकरी आणि विणकर कामाच्या हिशेबाने वेळ धरत, गाय पिळून होईपर्यंत किंवा ताणा संपेपर्यंत, आणि कारखान्याने त्यांना वेळेच्या हिशेबाने काम करायला लावले. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये उभी करायला घेतलेल्या पहिल्या कापडगिरणीनंतर मुंबईत हेच घडले. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसांना भोंग्याप्रमाणे उठणे, पाळी, मस्टर, खाडा, उशिराचा दंड हे सारे नवीन होते. सुरुवातीला गिरणीचा दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंतचा असे. विजेचे दिवे आले तेव्हा सूर्याचीही मर्यादा उरली नाही. आठवड्याला एक सुट्टी असावी या साध्या मागणीसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांना झगडावे लागले आणि ती १८९० मध्ये मान्य झाली. पुरुष कामगारांच्या दिवसाला कायद्याने मर्यादा आली ती १९११ मध्ये, तीही कापडगिरण्यांत बारा तासांची; १९२२ मध्ये ती दिवसाला अकरा आणि आठवड्याला साठ तास झाली, आणि १९४८ च्या कारखाना कायद्यात ती नऊ आणि अठ्ठेचाळीस होती.

या तासांइतकाच बोलका प्रसंग १९०६ सालचा आहे. त्या वर्षीच्या पहिल्या जानेवारीपासून सरकारने ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढची भारतीय प्रमाणवेळ लागू केली. मुंबईची स्थानिक वेळ ग्रीनिचच्या चार तास एकावन्न मिनिटे पुढे होती, म्हणजे घड्याळ एकोणचाळीस मिनिटे पुढे सरकले. सचिवालयातल्या माणसाला हा नुसता आकड्यांचा बदल वाटला असता. पण ज्याला भोंग्याला फाटकात उभे राहायचे, त्याच्या दृष्टीने घड्याळात तोच आकडा ठेवला तर त्याला सूर्याच्या मानाने एकोणचाळीस मिनिटे आधी उठायचे होते. त्याच महिन्यात काही गिरण्यांतल्या कामगारांनी या बदलाविरुद्ध काम थांबवले, दगडफेकही झाली. मुंबई महापालिकेने तर आपली ‘मुंबई टाइम’ची घड्याळे पुढे कित्येक दशके चालू ठेवली. पाळीची लांबी एका मिनिटानेही वाढलेली नसताना माणसे रस्त्यावर आली, हे तास मोजून कधीच समजणार नाही. आपल्या दिवसाची सुरुवात कोण ठरवतो, हा तो प्रश्न होता, आणि ज्या मालकांनी आजवर मिनिटामिनिटाचा हिशेब स्वतःच्या बाजूने केला त्यांच्यावर विश्वास कितपत ठेवायचा, हाही.

त्याच सुमारास अमेरिकेत फ्रेडरिक टेलर कामगारांच्या शेजारी स्टॉपवॉच घेऊन माणसे उभी करत होता. एकेक हालचाल सेकंदांत मोजायची, अनावश्यक हालचाली गाळायच्या आणि उरलेल्यांची बेरीज हाच कामाचा रास्त वेळ ठरवायचा, अशी त्याची पद्धत. १९११ मध्ये वॉटरटाऊनच्या सरकारी शस्त्रागारात ढाळकामाच्या विभागात स्टॉपवॉच आले तेव्हा कामगारांनी संप केला, आणि पुढे अमेरिकी संसदेने सरकारी शस्त्रागारांत अशा मोजणीवर पैसा खर्च करण्यास मनाई केली. टेलरच्या मोजणीत अचूकता भरपूर होती, कामगाराला तो सेकंद कसा वाटला याला मात्र तिच्यात रकाना नव्हता. कॉल सेंटरच्या पडद्यावरचे सेकंद त्याच स्टॉपवॉचचे वारस आहेत. फरक इतकाच की आता ते धरायला माणूस उभा करावा लागत नाही.

मग अनुभव मोजायचा कसा? सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे आठवड्याला किती तास काम करता असे विचारणे, आणि तोच सर्वांत कच्चा आहे. वेळेच्या रोजनिशीशी ताडून पाहिले की लोक आपले कामाचे तास फुगवून सांगतात असे अमेरिकेतल्या अभ्यासांत दिसले, आणि सांगितलेले तास जितके जास्त, तितकी तफावत मोठी निघाली. याला खोटेपणा म्हणता येणार नाही. ज्याला आठवडा दडपणाखाली गेल्यासारखा वाटतो, तो ते दडपण तासांच्या भाषेत सांगतो. विचारणाऱ्याने तासच विचारले होते.

रोजनिशी अधिक भरवशाची असते. भारतात राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये पहिले देशव्यापी वेळ वापर सर्वेक्षण केले. निवडलेल्या घरांतल्या सहा वर्षांच्या आणि त्यावरच्या प्रत्येकाचा पहाटे चारपासून दुसऱ्या दिवशीच्या पहाटे चारपर्यंतचा दिवस अर्ध्या अर्ध्या तासाच्या तुकड्यांत नोंदवला गेला. घरातली बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता आणि ती करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे; २०२४ च्या सर्वेक्षणात हेच आकडे २८९ आणि ८८ झाले. हे आकडे मोलाचे आहेत, कारण ज्याला काम म्हणून कोणी मोजत नव्हते ते त्यांनी मोजले. पण अर्ध्या तासाच्या तुकड्यात काय मावत नाही तेही पाहिले पाहिजे. सोलापुरात घरी विड्या वळणारी बाई सुपात तेंदूची कापलेली पाने आणि तंबाखू घेऊन बसते. हात वळत असतात, कान कुकरच्या शिट्टीकडे असतो, डोळे दारात खेळणाऱ्या पोरावर. सर्वेक्षणात एका तुकड्यात जास्तीत जास्त तीन कामे लिहिता येतात, दहा मिनिटांपेक्षा कमी चाललेली सुटून जातात आणि त्यातले एक मुख्य ठरवले जाते. तिच्या दिवसाचा पोत मात्र नेमका त्या एकमेकांत घुसलेल्या मिनिटांचाच असतो. तिला मजुरी हजार विड्यांमागे मिळते, म्हणजे वेळ कागदोपत्री तिच्याच मालकीचा आहे. आणि तरीही हजाराचा आकडा भरेपर्यंत तिला उठता येत नाही.

वेळ जात असताना तो कसा वाटतो हे पकडण्यासाठी १९७० च्या दशकात शिकागो विद्यापीठात मिहाय चिक्सेंटमिहाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना पेजर दिले. दिवसातून काही वेळा अवचित तो वाजायचा, आणि त्या क्षणी काय करत आहात, कसे वाटते आहे, हे छोट्या पुस्तिकेत लिहायचे. आज हेच मोबाइलवर होते. यात आठवणीचा घोटाळा टळतो, पण ज्याच्या कामात आधीच व्यत्यय फार आहेत त्याच्या दिवसात आपणच आणखी एक घुसवतो. म्हणून डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मधला रस्ता काढला. टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांना त्यांनी कालचा दिवस एकामागून एक प्रसंगांत मांडायला सांगितला आणि प्रत्येक प्रसंगाला भावना जोडायला लावल्या. कामाला जाण्यायेण्याचा वेळ सर्वांत नकोसा ठरला, हे विरारच्या लोकलने जाणाऱ्याला सांगायला नको. अधिक महत्त्वाचे हे, की दिवसाची मनःस्थिती बिघडवणाऱ्या गोष्टींत अपुरी झोप आणि कामातल्या घट्ट मुदती वरच्या क्रमांकावर होत्या.

दडपण मोजण्यासाठी १९८८ पासून नासाची एक प्रश्नावली सर्रास वापरली जाते. मूळ ती वैमानिकांच्या कामाचा भार जोखण्यासाठी केलेली. तिच्या सहा मोजपट्ट्यांपैकी एक फक्त कामाच्या घाईची आहे. कॅलिफोर्नियातल्या संशोधक ग्लोरिया मार्क यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना ईमेलना उत्तरे देण्याचे काम दिले आणि काहींना मधे मधे अडवले. अडवलेल्यांनी काम अधिक लवकर संपवले आणि दर्जाही घसरला नाही. नुसती मिनिटे पाहणारा इथे थांबून खूश झाला असता. प्रश्नावलीत मात्र त्याच लोकांनी ताण, वैताग आणि घाई या तिन्हींत जास्त गुण दिले. म्हणजे वाचलेली मिनिटे त्यांनी स्वतःच्या जिवावर भरून काढली होती.

एखाद्या लहान कार्यालयाला हे करून पाहायचे असेल तर महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. पाळीच्या मध्ये एकदा आणि आठवड्याच्या शेवटी एकदा, असे दोनदा विचारावे. वेळ कसा जातो, अपुरा पडतो का, आणि पुढचा तास कसा घालवायचा हे ठरवण्यात तुमचा वाटा किती, हे तीन प्रश्न वेगळे ठेवावेत. उत्तरे साहेबांच्या टेबलावर नावानिशी जाणार असतील तर विचारूच नये, कारण मग प्रत्येकाचा वेळ मजेत गेलेला निघेल.

मोजणीनंतर काय होते, याचे एक उदाहरण लेस्ली पर्लो यांच्या १९९९ च्या अभ्यासात आहे. एका कंपनीतले सॉफ्टवेअर अभियंते रात्री उशिरापर्यंत थांबत, कारण दिवसा एकमेकांच्या शंकांना उत्तरे देण्यात मूळ काम राहून जाई. पर्लो यांनी आठवड्यातले तीन दिवस दुपारी बारापर्यंत कोणीही कोणाला अडवायचे नाही असा नियम करून पाहिला. काम पुढे सरकले, उत्पादनही वेळेवर बाहेर पडले. पण नियम पाळणे अभियंत्यांच्या मर्जीवर सोडले तेव्हा व्यत्यय पूर्वीच्याच पातळीवर आले. त्या कंपनीत कौतुक आणि बढती आग लागल्यावर रात्र जागवून ती विझवणाऱ्याला मिळत असे. सकाळी शांतपणे बसून आग लागू न देणाऱ्याची नोंद घेणारा कागद तिथे कोणाकडेच नव्हता.